आजोबांचं आयुष्य लिहून ठेवताना

नव्वदी पार केलेल्या, शेवटपर्यंत शेतात राबलेल्या आजोबांचं आयुष्य नीट लिहिलं गेलंच पाहिजे. सुरुवात तारखांपासून करा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर विश्वास ठेवू नका. वय अंदाजे धरून मास्तर बहुधा तीच तारीख टाकत. पत्रिका असेल तर शकात ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतचा जन्म असेल तर ७९. म्हणजे शके १८५२ चा चैत्र १९३० मधला आणि माघ १९३१ मधला. इथेच बहुतेक जण वर्षभराने चुकतात.

घरातल्यांना साल विचारू नका, आठवत नाही. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, यांच्या आधी की नंतर, असं विचारा. विहीर कधी खोदली, बैल कधी घेतले, सगळं भराभर निघतं.

जमिनीसाठी तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा, खरेदी आणि वारसनोंदी तिथे सापडतात. कागद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्या. फोटोमागे बॉलपेन नको, दाबाने पुढे वळ उठतो. मऊ पेन्सिल वापरा. आणि आजीशी आधी बोला.