मला काय बी चालतंय

दुपारी तीनला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नसतं. मूठभर चिरमुरे असले की मासे बघायला हीच वेळ बरी. मात्र मूठ एकदम उधळू नये. झुंड फुटते आणि कोण कुणाच्या मागं गेलं ते कळत नाही. एकेक दाणा टाकावा, तोही ओला करून, नाहीतर पश्चिमेचा वारा तो परत पायाशी आणून सोडतो. ऊन तोंडावर घेऊन बसावं. सावली पाण्यावर हलली की मासे उधळतात, आणि ती नुसती पळापळ.

दाण्याकडं एकच मासोळी वळली तर बाकीच्या बहुतेक ढिम्म असतात. दुसरी वळली, तिसरी वळली, की सगळी झुंड पदर झटकल्यासारखी फिरते. महाद्वार रोडवर रस्ता ओलांडताना हेच चालतं. एकटा घुसला तर तो खुळा. दोघं घुसले की मागं रांग.

पाठीवर काटे असलेल्या, बोटाएवढ्या स्टिकलबॅक माशांवर २००८ मध्ये हे तपासलं गेलं. टाकीत नकली मासा पुढं सरकवला. एकटा मासा त्याच्या नादी लागायचा. पण शिकाऱ्याचा धोका दिसत असला, तर चार किंवा आठ जणांची टोळी एका नकली माशाला सहसा भीक घालत नव्हती. दुसरा नकली मासा सोडला, तेव्हा कुठं ती हलली. एकाची चूक सगळ्यांना भोवू नये, यासाठी ही सोय.

खरी मजा २०११ च्या प्रयोगात आहे. गोल्डन शायनर हे उत्तर अमेरिकेतले मासे. सहांना निळ्या खुणेकडं जायला शिकवलं, पाचांना पिवळ्या. या जातीला मुळातच पिवळ्याची ओढ, म्हणून पाच जण सहांना आपल्याकडं ओढून न्यायचे. मग त्यांत काहीच न शिकवलेले मासे मिसळले, आधी पाच, नंतर दहा. हट्टी पाचांचा जोर ओसरला आणि टोळी निळ्याकडं जायला लागली. नव्यांना स्वतःचं ठाम मत नव्हतं. ते शेजाऱ्याकडं बघून वळायचे, आणि शेजारी जास्त कोण? निळेवाले.

म्हणजे मिसळ कुठं खायची यावर घोळ चालू असताना जो ‘मला काय बी चालतंय’ म्हणतो, त्याला आपण उगाच शिव्या घालतो. त्याच्यामुळंच मोठ्यानं बोलणाऱ्या दोघांचं फावत नाही. पण असले फारच झाले तर? संशोधकांनी हेच संगणकावर गणित मांडूनही बघितलं; त्या गणितातल्या माशांचं तेव्हा कशावरच एकमत होईना. आपल्याकडं ती मंडळी कोपऱ्यावर गाड्यांना किक मारून उभी असतात, पेट्रोल जळत असतं, आणि मिसळीचा कट संपत आलेला असतो.