लशीनेच फ्लू झाला?

“लस घेतली आणि आठवड्यात आडवा झालो. लशीनेच फ्लू दिला!” रांगेतलं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

दंडात जाते ती ०.५ मिली लस. त्यातला विषाणू मेलेला, तो फ्लू देऊच शकत नाही. (नाकात फवारायची लस वेगळी, तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो.) दंड ठणकतो, १-२ दिवस कणकण राहते, इतकंच. पण संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. साथ भरात असताना तेवढ्यात खरा फ्लू गाठतो आणि नाव लशीचं.

२००९च्या स्वाइन फ्लूत ‘घाईत बनवली’ म्हणून लोक बिचकले. बऱ्याचशा लशींची पद्धत नेहमीचीच होती, आतला विषाणू तेवढा नवा.

हे २ आठवडे टोचतानाच का सांगत नाहीत?