तिकीट किती?

"ताई, आत जायला तिकीट किती?"

मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव. डेव्हिड ससून वाचनालयाच्या बागेत कवितावाचन सुरू होतं आणि फाटकाशी फुगे विकणारा एक पोरगा मला विचारत होता.

"फुकट आहे रे. चल की."

तो आतल्या खुर्च्यांकडे बघत राहिला. "फुकट असतं तर सगळे एवढे नटून का आलेत?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तो गेला.

१९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव मला फार जवळचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत भर रस्त्यात गाणं, नाच, पोरांची धमाल, तीही विनातिकीट! म्हणूनच ते वाक्य लागलं. माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती.

तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?