बेंड पाइपची धग आणि लांबचा प्रवास

मोटारसायकलवरच्या लांबच्या प्रवासात उजव्या पोटरीला धग लागू लागली की इंजिनमध्ये काहीतरी बिघडले असे समजून गॅरेज गाठणारे बरेच जण असतात. प्रत्यक्षात ही धग बहुतेक वेळा पेट्रोल जळण्याच्या हिशेबातलीच असते. पेट्रोलमधील ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश भाग तेवढा गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरवाटे आणि बाकीचा रेडिएटरवाटे व इंजिनच्या अंगावरून बाहेर पडतो. त्यातच 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाबाबतचे भारत स्टेज 6 चे नियम लागू झाल्यावर अनेक गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, इंजिनच्या अधिक जवळ आला, कारण साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. परिणामी, इंजिनमधून सायलेन्सरकडे धूर नेणारा बेंड पाइप ज्या बाजूने जातो त्या बाजूचा चालकाचा घोटा नेमका सर्वांत तापणाऱ्या भागाच्या शेजारी येतो.

उपाय शोधण्यापूर्वी धग कोणती हे ओळखावे, असे माझे ठाम मत आहे, कारण पायाला जाणवणारी उष्णता एकाच वाटेने येत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात अवजड वाहनांच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकत असताना हे चांगले पारखता येते. रेडिएटरचा पंखा घुंईं करून सुरू होतो आणि दोन्ही नडग्यांवर गरम हवेचा झोत येतो. पंखा थांबला की झोतही थांबतो. ही कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची उष्णता झाली. बेंड पाइपची धग मात्र एकाच बाजूला, एका ठरावीक जागी लागते, पंख्याशी तिचा संबंध नसतो आणि गुडघा वीतभर बाहेर काढताच ती एकदम कमी होते. चुलीसमोर बसलेल्या माणसाने मध्ये ताट धरावे आणि चेहऱ्याची झळ त्याच क्षणी थांबावी, तशीच ही किरणांनी येणारी उष्णता आहे. तिचे गणित मोठे चढे आहे: पाइपचा पृष्ठभाग 200 अंशांवरून 300 अंशांवर गेला, तर त्यातून निघणारी किरणांची उष्णता दुपटीहून अधिक होते. घाटात फरक एवढा का जाणवतो, ते यावरून कळते. मोकळ्या महामार्गावर वारा पाइपही थंड ठेवतो आणि गरम हवाही मागे नेतो; चढावर मात्र इंजिनवर भार पूर्ण आणि वारा नावाला.

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बेंड पाइपवर काचतंतूची किंवा बेसाल्ट खडकाच्या तंतूंची पट्टी गुंडाळणे. ती दिसते छान आणि धगही कमी करते, पण आपल्या पावसाळ्यात मी तिची शिफारस करणार नाही. पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप आतल्या आत गंजतो. पट्टी सोडल्यावर हाताला गंजाचे पापुद्रे लागेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. शिवाय तिच्यात इंजिन ऑइल मुरले, तर ते पेटण्याचा धोका राहतो. कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तसे करणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे पंख्याच्या झोतात काडीचाही फरक पडत नाही.

त्यापेक्षा चकचकीत ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा पाइपपासून साधारण सेंटिमीटरभर अंतर राखून, धातूच्या वॉशरवर बसवावा. खरे काम पत्र्याइतकेच त्या मधल्या हवेचे असते. पत्रा थेट पाइपला टेकवला, तर तोही तापून तीच धग पुढे पाठवतो. वरची आणि खालची कड उघडी ठेवावी, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. पंख्याच्या झोतावर हा पत्रा निरुपयोगी आहे. तिथे रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि किडे धुऊन काढणे, थंड इंजिनवर कूलंटची पातळी पाहणे आणि रांग पूर्ण थांबलेली असल्यास सरळ इंजिन बंद करणे एवढेच हातात असते.

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येत असेल आणि बेंड पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जोडतो तिथे काजळी दिसत असेल, तर त्या जोडातले गॅस्केट, म्हणजे फट बंद ठेवणारी चकती, गेलेले असते. तेव्हा मात्र गॅरेज गाठावे.

सामानाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. सॅडलबॅग रिकामी असताना सायलेन्सरपासून चार बोटे लांब दिसते, पण भरल्यावर लोंबते आणि खड्ड्यात आपटून सायलेन्सरला टेकते. म्हणून अंतर नेहमी बॅग भरून, मागे माणूस बसवून तपासावे. रेनकोटच्या पँटचा पाय घोट्याशी घट्ट बांधावा, कारण प्लॅस्टिकचे कापड बेंड पाइपला लागले की क्षणात चिकटते, जळका वास पुढचे कित्येक किलोमीटर साथ देतो आणि पाइपवर काळा डाग राहतो. मागे बसणाऱ्याला चढण्या-उतरण्याची बाजू आधीच सांगून ठेवावी. सायलेन्सरचे चटके बहुधा गाडी उभी असतानाच बसतात. चटका बसलाच, तर टूथपेस्ट किंवा हळद न लावता भाजलेला भाग 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. त्यासाठी पाण्याची एक जादा बाटली सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूच्या बॅगेत ठेवावी.