दाराला ‘नुसतं पारदर्शक’ काहीतरी लावायचं होतं

निफाड तालुक्यातला आमचा वाडा २०१९ साली उतरवला. चुलत्यांच्या वाटणीत कुणी तुळया घेतल्या, कुणी खांब. मी हट्टानं पुढचा दरवाजा मागून घेतला. दोन फळ्यांचा, जुन्या सागाचा, पितळी फुलं ठोकलेला. २०२१च्या दिवाळीआधी तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घराला बसवला. घराचं तोंड पश्चिमेला आहे. तेव्हा यात मला काही विशेष वाटलं नव्हतं.

पॉलिशवाल्याला मी एकच गोष्ट बजावली होती : रंग नको, लाकूड दिसलं पाहिजे. तो म्हणाला, “साहेब, मेलामाइन मारून देतो, आरसा होईल.” आणि झालाच. त्या दिवाळीत पणत्या दारात दिसत होत्या. येणारा प्रत्येक पाहुणा आधी दारावरून हात फिरवायचा आणि मग चप्पल काढायचा.

एप्रिलमध्ये चमक गेली. मे महिन्यात खालच्या बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या. जूनच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात पाणी त्या भेगांतून आत शिरलं आणि थराखाली पांढुरके डाग पडले. गणपतीपर्यंत खालच्या दीड फुटात कांद्याची सालं निघावीत तसे पापुद्रे निघायला लागले. पॉलिशवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “पाणी लागलं असेल.” बाहेरच्या दाराला पाणी लागणार नाही तर काय लागणार, भाऊ? त्यानं वरवर घासून आणखी दोन हात मारून दिले. पुढच्या उन्हाळ्यात जुना थर नव्यासकट निघाला.

मेलामाइन वाईट नाही. कपाटाला, डायनिंग टेबलाला उत्तम. पण ते कडक असतं, आणि बाहेरचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्याच्याबरोबर ताणलं जाणं मेलामाइनला जमत नाही, मग ते तडकतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी समजत होतो की माल हलका वापरला.

डोळे उघडले ते मेव्हण्यामुळे. तो सातपूरला एका कारखान्यात पेंटशॉपला आहे. मी त्याला विचारलं, “गाडीवर तो पारदर्शक क्लिअर कोट दहा-दहा वर्षं टिकतो, मग माझ्या दारावर एक वर्ष का टिकू नये?” तो हसला. “दाजी, गाडीच्या क्लिअरखाली रंग असतो. तुमच्या क्लिअरखाली लाकूड आहे. पारदर्शक म्हणजे तुम्हाला लाकूड दिसतं, तसंच उन्हालाही दिसतं.”

हे एक वाक्य मी महिनाभर चघळत होतो. मग वाचायला बसलो. लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारं जे लिग्निन असतं, त्याला उन्हातले अतिनील किरण मोडतात. मोडलेलं लिग्निन पाऊस धुऊन नेतो, मागे करडे तंतू राहतात. बिनरंगाचं जुनं लाकूड राखाडी दिसतं ते यामुळे. वर स्वच्छ पारदर्शक थर असेल तर किरण त्यातून आरपार जातात आणि थर ज्या पृष्ठभागाला धरून असतो तोच पृष्ठभाग खालून सैल करतात. थर स्वतः धडधाकट असतो, त्याच्या पायाखालची जमीन जाते. माझ्या दाराचे पापुद्रे मी उलटे करून पाहिले, तर मागच्या बाजूला लाकडाची बारीक भुकटी चिकटलेली होती. मेव्हणा बरोबर होता.

मग चांगल्या पारदर्शक वॉर्निशांत काय वेगळं असतं? त्यांत अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घातलेली असतात. ती उपयोगी पडतात, पण हळूहळू संपतात. ‘स्पार वॉर्निश’ नावाचा प्रकार मुळात जहाजांच्या डोलकाठ्यांसाठीचा. डोलकाठी वाऱ्यात वाकते म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त, थर लवचीक. आणि हेही कळलं की ‘टीक ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या डब्यात सागाचं तेल नसतं. बहुतेकदा जवसाचं किंवा टुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल, थोडं वॉर्निश आणि पातळ करायला सॉल्व्हंट, एवढंच. नावावरून मी ते जवळजवळ घेतलंच होतं.

पंचवटीतल्या एका वखारीत सागाचे तुकडे मागायला गेलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सुतारांशी बोलणं झालं. सगळे त्यांना आबा म्हणतात. सगळी कहाणी ऐकून त्यांनी विचारलं, “वाड्यात त्या दाराला काय लावायचे?” मी म्हटलं, दिवाळीला तेलाचं फडकं, बाकी काही नाही. “आणि दारापुढं काय होतं?” दारापुढं ओसरी होती. चांगली सहा फुटांची, उतरत्या छपराची. आबांनी पुढे काही बोलायची गरजच नव्हती. शंभर वर्षं जे दार टिकलं ते तेलानं नव्हे, ओसरीनं. मी ते उचलून पश्चिमेच्या उन्हात आणि नैर्ऋत्येच्या पावसात उघडं उभं केलं होतं आणि सगळा भार पॉलिशवर टाकला होता.

तरीही मी लगेच काही ठरवलं नाही. वखारीतून आणलेल्या फळीचे सहा तुकडे केले, पाचांना वेगवेगळं काही लावलं, सहावा कोरा ठेवला आणि जानेवारी २०२३मध्ये गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्यावर बांधून ठेवले. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर पत्र्याची पट्टी, म्हणजे झाकलेला आणि उघडा भाग शेजारीशेजारी दिसेल. दार तोवर खरूज झाल्यासारखं उभं होतं. बायकोनं ते वर्ष कसं काढलं ते तिलाच माहीत. “लोक प्रयोग आधी करतात, दार मग बसवतात,” असं ती एकदाच म्हणाली, पण पाहुण्यांसमोर.

लाखेच्या पॉलिशनं फार वेळ घेतला नाही. पहिल्या पावसातच पांढरं झालं. उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ नावानं मिळतं ते, मार्चपर्यंत सगळ्यांत देखणं होतं. पण ते चिकट राहिलं, नाशिकची उन्हाळी धूळ त्यावर बसली आणि श्रावणात काळे ठिपके आले. बुरशीला ते तेल म्हणजे खाऊच. (त्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि बोळ्यात कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. मी ते पाण्यात बुडवून मग उघड्यावर पसरून वाळवत असे.)

खरी चुरस तिघांत होती. बाहेरच्या वापराचं दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं. एका डब्याचं पारदर्शक बाह्य वॉर्निश. आणि तिसरा, लाकडात मुरणारा, किंचित सागवानी छटा असलेला वूड स्टेन, ज्यातून रेषा दिसतात पण तो शंभर टक्के पारदर्शक नसतो.

नोव्हेंबरपर्यंत पीयू दिसायला सगळ्यांच्या पुढे होतं. चकचकीत, टणक, पाणी टिपूस आत नाही. पण तुकडा बांधायला मी ज्या भोकातून तार ओवली होती, त्या भोकाच्या कडेनं थर नखाएवढा उचललेला होता आणि खाली लाकूड करडं. वॉर्निशची चमक गेली होती, वरच्या कडेला एक-दोन भेगा. स्टेन फिका पडला होता, बस. त्याचा सालटा निघायला त्याच्यावर सालच नव्हती.

इथे माझा निर्णय झाला, आणि तो दिसण्यावरून झाला नाही. बाहेरच्या लाकडावरचं काहीही एक दिवस जाणारच. मग ते कसं जातं आणि गेल्यावर मला काय करावं लागतं, एवढाच प्रश्न उरतो. पीयू गेलं की सगळं खरवडायचं, अर्धवट दुरुस्ती उठून दिसते. वॉर्निश वेळेत पकडलं तर हलकं घासून वर नवा हात चालतो, पण भेगा पडेपर्यंत थांबलात तर तिथंही खरवड. स्टेन मात्र धुवायचा, वाळवायचा, वर एक हात फिरवायचा, एका रविवारचं काम. शिवाय त्यातल्या छटेचे बारीक रंगकण स्वतःच ऊन अडवतात. मी ज्या पूर्ण पारदर्शकतेसाठी दोन वर्षं घालवली, नेमकी तीच मला सोडायची होती.

सहावा तुकडा बिनहाताचा होता, काहीही न लावलेला. तो चंदेरी राखाडी झाला होता. आबांनी त्यावर एकदा रंधा फिरवला आणि आतून पिवळाधम्मक साग निघाला. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या आकड्यानुसार पाइनसारखं मऊ लाकूडसुद्धा उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटरच झिजतं. म्हणजे राखाडी पडणं हे मरण नव्हे. मला मोह झाला होता, पण पितळी फुलांचं दार राखाडी ठेवायला घरातलं बहुमत नव्हतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये काम काढलं. मेलामाइन काढायला दोन दिवस गेले. पेंट रिमूव्हर अंगणात, हातमोजे घालून, आणि कोपऱ्यांत काचेच्या तुकड्यानं खरवडून. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. त्याहून गुळगुळीत करू नका असं स्टेनच्या डब्यावरच होतं, कारण फार घोटलेल्या लाकडात तो मुरत नाही. वाड्यातल्या जुन्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे वर्तुळाकार डाग होते. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की तो काळा रंग धरतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं आणि नंतर दोनदा स्वच्छ धुतलं. डाग ऐंशी टक्के गेले. हे ॲसिड विषारी आहे, मुलांना लांब ठेवलं. नव्या जागी स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

आणि इथे मी पुन्हा चुकलो. दार घासून तयार झालं आणि पॉलिशवाला (हा दुसरा) गावी लग्नाला गेला. परत आला तीन आठवड्यांनी. दार तसंच उन्हात उभं होतं. दिसायला छान होतं, पण उघडं लाकूड दोन-चार आठवडे उन्हात राहिलं तरी पृष्ठभागाची पकड कमी होते, हे मी स्वतः वाचलेलं होतं. पुन्हा १२० नंबरनं सगळं दार घासलं. दंड समजून स्वतःच घासलं.

जुन्या सागात तेल असतं, म्हणून लावण्याआधी थिनरचं फडकं फिरवून तो पुसून घेतला. मग स्टेनचे दोन हात, ब्रशनं, आणि प्रत्येक हातानंतर वीसेक मिनिटांनी जास्तीचा पुसून काढायचा. हे पुसणं लोक टाळतात आणि मग चिकटतं म्हणून ओरडतात. वेळ सकाळी दहा ते एक. त्याआधी दव असतं, त्यानंतर आमच्या दारावर थेट ऊन येतं आणि ब्रशच्या खुणा तिथेच वाळतात. दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस सोडला. त्या आठवड्यात आभाळ भरून आलं तेव्हा आमच्या गल्लीत द्राक्षबागायतदारांच्या खालोखाल मीच वर बघत होतो.

फळ्यांची खालची कापलेली टोकं मात्र आधी उलटी करून, दार बिजागरीवरून उतरवून, तीन-तीन वेळा स्टेननं भिजवली. पाणी सगळ्यांत जास्त तिथून चढतं आणि पहिल्या वेळी तिथे कुणी ब्रश लावलाच नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला बायकोच्या आवडीचं चकचकीत पीयू मारलं. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, ते टिकेल. आणि दोन्ही बाजू बंद असल्या की लाकूड एकाच अंगानं ओल घेऊन पिळत नाही.

शेवटचा खर्च पॉलिशचा नव्हताच. दारावर साडेतीन फुटांचा कौलारू छज्जा काढून घेतला. आबांना फोन केला तर म्हणाले, “मग आता काय लावलं ते सांगूच नका.”

दोन पावसाळे झाले. खालच्या अर्ध्या फुटात, जिथे छज्ज्याला चुकवून पाऊस येतो, तिथे छटा उतरली होती. या जानेवारीत साबणाच्या पाण्यानं पुसून, दोन दिवस वाळवून तेवढ्याच भागावर एक हात दिला. जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागतं. पणत्या आता दारात दिसत नाहीत.

गच्चीवरचे तुकडे काढून टाकायचे होते, पण त्यांतला बिनहाताचा आईनं उचलून नेलाय. वाळवणाचं कापड उडू नये म्हणून.