वीस मिनिटं अंधारात बसणारा गालिचा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सोळाव्या शतकातला इराणी अर्दबील गालिचा आहे. दर अर्ध्या तासाला त्याच्यावर फक्त दहा मिनिटं दिवे लागतात. पहिल्यांदा रागच येतो. इतक्या लांबून आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं? हिशेब समजला की तो राग जातो.

कापडाचा रंग उडतो तो एकूण उजेडानं, म्हणजे लक्स (उजेडाच्या तीव्रतेचं माप) गुणिले तास. कापडासाठी 50 लक्स आणि वर्षाला दीड लाख लक्स-तास ही मर्यादा पाळतात. 50 लक्स, दिवसाला 8 तास, वर्षात 300 दिवस, म्हणजे 1,20,000; भागतं. त्याच कापडावर 300 लक्स पाडले तर 7,20,000. मर्यादेच्या हिशेबानं जवळपास पाच वर्षांची झीज एका वर्षात! हळदीसारख्या कच्च्या रंगाला तर वर्षाला 15,000च झेपतात. 50 लक्सवर 8 तासांच्या हिशेबानं ते साधारण 37 दिवसांत संपतात. मग तो नग उरलेलं वर्ष पेटीत आणि त्याच्या जागी दुसरा.

आपल्या आज्या पैठणी मलमलीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायच्या, त्या उगाच नव्हे. हे लंडननं आपल्याला शिकवायची गरज नव्हती. पण आपणच ती पैठणी काढून काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली, उघड्या खिडकीशेजारी लावली.

अर्थात लंडनची पद्धत जशीच्या तशी पैठणला चालणार नाही. लंडनचं आभाळ बहुतेक दिवस ढगाळ. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात. तिथून थेट 50 लक्समध्ये पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, लोक कुरकुरतात आणि कुणीतरी डिमर वाढवतं. सगळी गडबड इथंच होते. म्हणून आधी सावलीची ओसरी, मग 200 लक्सचा वळणाचा बोळ, मग 100ची खोली आणि शेवटी कापड. कापडामागची भिंतही गडद हवी. पांढऱ्या भिंतीपुढं 50 लक्स मिणमिणते वाटतात.

पैठणीतली जरतार वेगळीच छळते. अरुंद झोताखाली ती एका जागी भगभगते आणि बाजूचा पदर काळा पडतो. दोन्ही बाजूंनी रुंद झोताचे दोन मंद दिवे लावा, उभ्या रेषेपासून 30 अंशांवर. त्याहून तिरपे झाले तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. एलईडी 3000 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे; सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90च्या वर. लालाचा आर-9 आकडा वेगळा मागून घ्या, नाहीतर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, कपाटाबाहेरच. आत ठेवला तर हवा तापून कोरडी पडते आणि रेशीम कडक होतं.

मोजताना लक्समीटर कापडालगत, त्याच्या पृष्ठभागाला समांतर धरा, जमिनीवर नको. मे आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांत मोजा, कारण ऊन वेगळ्या खिडकीतून आत येतं. शिवाय निळ्या लोकरीची प्रमाण-पट्टी (उजेडानं ठरावीक वेगानं फिकी पडणारी) निम्मी फॉइलनं झाकून कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी फॉइल काढा आणि उघडा अर्धा झाकलेल्यापेक्षा किती फिका पडला ते बघा.