पाठमोरं फूल

कुठल्याही मुलाला फूल काढ म्हणून सांगा. मधे गोल, भोवती पाच फुगीर पाकळ्या, खाली सरळ दांडी आणि दांडीला समोरासमोर दोन पानं. मिनिटाभरात काम तमाम. जरा मोठी, कंपासपेटीवाली मुलं वर्तुळ काढतात, तेवढीच त्रिज्या घेऊन कमानी मारत जातात आणि सहा पाकळ्यांचं फूल पाडतात. सुबक येतं, वादच नाही. पण त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते म्हणून त्या पाकळ्या सहा. आपल्या कुंपणावरची जास्वंद, तगर, सदाफुली, कण्हेर ही सगळी मंडळी पाचाची. सहाच हव्या असतील तर तामणाकडे जावं. आणि आपल्या या राज्यफुलाच्या पाकळ्या इतक्या चुरगळलेल्या असतात, की कंपास मुकाट्याने पेटीत ठेवावा लागतो.

रविवारी सकाळी सोसायटीतली काही पोरं माझ्याकडे चित्रं काढायला येतात. फुलं शिकवायला जास्वंद सोयीची. तोडल्यावर पाण्याशिवायही दिवसभर तग धरते. प्राजक्त रंग कालवेपर्यंत मलूल होतो. पण प्रत्येकापुढे ताजी जास्वंद ठेवली तरी मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. कशाला बघतील? फूल त्यांच्या हातात आधीच बसलेलं असतं. ‘नीट बघ’ असं कितीही ओरडून सांगा, फरक पडत नाही. तो मोठ्यांनाही पडत नाही.

म्हणून मी फूल पालथं ठेवते. मग मात्र पंचाईत होते, कारण मागच्या बाजूचं चित्र कोणाच्याच हातात बसलेलं नसतं. पेन्सिली थांबतात, माना खाली जातात. देठ, देठावर हिरवी वाटी, आणि वाटीच्या बुडाशी बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं. ‘मावशी, हिने दोन परकर घातलेत!’ दुसरीतली एक मुलगी किंचाळली आणि सगळे आपापल्या फुलाचे परकर मोजायला लागले. त्यानंतर मला बराच वेळ काही शिकवावं लागलं नाही.

पाकळ्यांशी आल्यावर भांडण झालं. जास्वंदीच्या प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली असते आणि दुसरी पलीकडच्या पाकळीखाली गेलेली. हे एकदा दिसलं की फूल भोवऱ्यासारखं गरगरतंय असं वाटायला लागतं. शेजारी बसलेल्या दोघांची चित्रं एकमेकांच्या उलट वळलेली निघाली. ‘तुझं चुकलं’, ‘तुझंच चुकलं’, खोडरबरावर हात. फुलं उचलून पाहिली तर दोघंही बरोबर. एकाच झाडावर काही जास्वंदी डावीकडे वळतात, काही उजवीकडे. तगरीचं तसं नाही, तिची सगळी फुलं एकाच बाजूला वळतात. ते खरं की खोटं हे बघायला अर्धा वर्ग चपला न घालताच खाली बागेत गेला.

रंगांच्या बाबतीत मी थोडी हुकूमशहा आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी काळ्याची वडी काढून घेते. सावली म्हटली की काळा, हे मुलांनी कुठून उचललंय कोण जाणे. लाल पाकळीवर तो गेला की फूल जळल्यासारखं दिसतं. लालमधे चिमूटभर निळा घाला, घडी आपोआप खोल जाते. हिरवाही डबीतला तसाच लावायचा नाही, पिवळा घालून बघायचा, मग थोडा तांबूस घालून बघायचा. आणि तगर रंगवायला पांढरा मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. कागद पांढराच आहे, त्याला हात लावू नका, मागची पानं गडद करा. यावर मुलं संशयाने बघतात. फूल रंगवायचं आणि फुलालाच रंग नाही, ही त्यांना फसवणूक वाटते, पण पानं वाळली की गप्प होतात.

खरी अडचण पालकांची. न्यायला आलेल्या एका बाबांनी चित्र उलटसुलट करून विचारलं, ‘मॅडम, यात फूल कुठंय?’ मग दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला याचा उपयोग होईल ना?’ दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे प्रश्न चूक नाही. होईल, मी म्हटलं. वस्तुचित्राच्या पेपरात समोर मांडलेलं बघूनच काढायचं असतं. बाबांनी मान हलवली. मुलगा तोवर त्यांना परकर दाखवत होता.

आता दसरा आला की झेंडू. त्याची मला जरा धास्तीच आहे. आपण ज्याला एक झेंडू म्हणतो तो मुळात कितीतरी इवल्या फुलांचा गुच्छ असतो, आणि ज्याला पाकळी म्हणून तोडतो ते एकेक फूल असतं, बुडाशी बी होऊ घातलेलं. हे सांगितलं तर ही पोरं एकूण एक फूल काढायला बसतील, आणि जेवायच्या वेळी खालून हाका सुरू होतील.